1830 च्या मुंबईतील इंग्रज व्यापारी कोणाच्या पैशावर व्यापार करीत असे?

आपण 1830 च्या दशकातील मुंबईवर कादंबरी लिहीत आहात आणि तिचा नायक स्कॉटलंडमधून आलेला एक तरुण व्यापारी आहे. तो ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर होता असे दाखवावे का, त्याचा दिवस कसा जात असावा, आणि हाताशी फारसे काही नसताना पंधरा-वीस वर्षांत गडगंज होऊन तो मायदेशी परतला तो कशाच्या बळावर, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. व्हरांड्यात हुक्का ओढत बसलेला साहेब एवढ्या चित्रावर पुस्तक उभे राहत नाही, असे आपणच लिहिले आहे, आणि ते मला पटते. गेली सुमारे तीस वर्षे मी या काळातील व्यापारी पत्रव्यवहार आणि हिशेबाच्या वह्या वाचत आलो आहे. त्या अनुभवावरून मला असे वाटते की आपला खरा प्रश्न तिसराच आहे, आणि त्याचे उत्तर मिळाले की पहिल्या दोहोंची उत्तरे त्यातूनच निघतात.

प्रथम हे मान्य करतो की पुष्कळसे उत्तर आपण नायकाला कोणत्या वर्षी आणि कोणत्या बंदरात उभे करता यावर अवलंबून आहे. 1790 चा मुंबईचा व्यापारी, 1815 चा कलकत्त्याचा निळीचा व्यापारी आणि 1835 चा चीनमधल्या कँटन बंदरातील व्यापारी या तिघांना एकाच मापाचा अंगरखा बसणार नाही. आपण 1830 चे दशक निवडले आहे, तेव्हा मी प्रामुख्याने मुंबई आणि कँटन यांना जोडणाऱ्या व्यापाराविषयी लिहितो, कारण त्या काळी मुंबईची मोठी कमाई त्याच वाटेने येत होती.

मराठी वाचकाच्या मनात इंग्रज व्यापारी म्हटले की राजापूरची वखार उभी राहते. 1660 मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या मदतीला तोफा घेऊन गेलेला हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचा जाब म्हणून 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरवर घातलेला छापा आपल्याला शाळेपासून ठाऊक असतो. परंतु रेव्हिंग्टन हा कंपनीचा पगारी माणूस होता. कंपनीच्या नोकरांत रायटर, फॅक्टर, ज्युनिअर मर्चंट आणि सीनिअर मर्चंट अशी चढती उतरंड असे, आणि रायटरचा पगार दीर्घकाळ वर्षाला अवघा 5 पौंड होता. एवढ्यावर कोणी समुद्र ओलांडून येत नाही. युरोपशी होणारा व्यापार कंपनीने स्वतःच्या मुठीत ठेवला होता, मात्र आशियातल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात स्वतःच्या खात्यावर माल नेण्याची मुभा ती आपल्या नोकरांना देत असे, आणि माणसे त्या मुभेसाठी येत. पुढे या मुभेतूनच कंपनीच्या बाहेरचा, स्वतंत्र व्यापाऱ्यांचा वर्ग वाढला.

आपला नायक या दुसऱ्या वर्गातला असला पाहिजे. 1813 च्या सनदेने हिंदुस्थानच्या व्यापारातील कंपनीची मक्तेदारी संपली होती, केवळ चीनचा आणि चहाचा व्यापार तिच्याकडे उरला होता. तोही 1833 च्या कायद्याने, एप्रिल 1834 पासून, सर्वांना मोकळा झाला. म्हणजे आपल्या कथेच्या काळात कंपनी हे राज्यकर्ते सरकार आहे आणि आपला नायक त्या सरकारच्या छत्राखाली राहणारा, तिच्याशी कधी गोडीने तर कधी भांडून वागणारा खाजगी व्यापारी आहे. हे भांडण किती खरे होते ते एका उदाहरणावरून कळेल. 1834 पूर्वी कँटनमध्ये राहण्यास ब्रिटिश माणसाला कंपनीची परवानगी लागे, म्हणून काही जणांनी परक्या राजांचे वकीलपत्र मिळवले होते. जेम्स मॅथिसन हा स्कॉटिश माणूस कागदोपत्री डेन्मार्कचा कॉन्सल म्हणून तेथे राहत होता.

आता पैशाकडे येतो. अभ्यासाच्या पहिल्या वर्षांत माझ्या हातून एक चूक झाली होती, ती येथे सांगणे उपयोगाचे आहे. एका जुन्या पेढीच्या खतावणीची काही पाने वाचताना मला कापसाच्या लाखो रुपयांच्या नोंदी दिसल्या आणि त्या पेढीचा मालक लक्षाधीश होता असे मी मोठ्या उत्साहाने टिपून ठेवले. माझ्यापेक्षा वडील असलेल्या एका अभ्यासकांनी ती पाने पाहिली आणि शांतपणे विचारले, ‘हा माल कोणाच्या खात्यावर आहे?’ मी पुन्हा पाहिले तेव्हा कळले की त्यातला बहुतेक कापूस दुसऱ्यांचा होता. पेढीने तो विकत घेऊन दिला होता, जहाजात भरून दिला होता, त्याचा विमा उतरवला होता, त्यावर उचल दिली होती, आणि ती उचलही तिसऱ्याच कोणाच्या ठेवीतून दिली होती. पेढीचे स्वतःचे होते ते त्या प्रत्येक कामावरचे कमिशन आणि व्याजातला फरक. तेव्हापासून कोणतीही वही उघडली की मी आधी तोच प्रश्न विचारतो.

अशा पेढीला इंग्रजीत एजन्सी हाउस म्हणत, आपल्याकडचा जवळचा शब्द अडतपेढी. मुंबईतली फोर्ब्स कंपनीची पेढी 1767 मध्ये सुरू झाली, आणि ब्रूस फॉसेट, रेमिंग्टन क्रॉफर्ड यांसारख्या पेढ्याही या शहरात नावाजलेल्या होत्या. त्यांच्याकडे ठेवी ठेवणारे कोण, तर कंपनीचे सनदी आणि लष्करी अधिकारी, जहाजांचे कप्तान, विधवा, मृतांच्या मालमत्तेचे विश्वस्त. निवृत्त होईपर्यंत साठवलेला पैसा इंग्लंडला कसा पाठवायचा ही या सर्वांची चिंता होती, आणि त्या चिंतेवर अडतपेढी जगत होती. ती त्यांचा पैसा घेई, त्यावर व्याज देई, तो व्यापारात फिरवी आणि शेवटी लंडनवर हुंडी, म्हणजे तेथे पैसे मिळण्याची चिठ्ठी, देई. खरेदी-विक्रीवर शेकडा अडीच किंवा त्याहून अधिक कमिशन, हुंडीवर वेगळे, विम्यावर वेगळे, जहाज भाड्याने घेऊन देण्यावर आणखी वेगळे. माल बुडाला तर बहुधा मालधन्याचा बुडे, कमिशन मात्र आधीच जमा झालेले असे. आपला नायक हाताशी फारसे काही नसताना श्रीमंत कसा झाला, याचे पहिले उत्तर हे आहे. त्याचे भांडवल म्हणजे त्याची पत होती, रोकड इतरांची होती.

या इतरांमध्ये हिंदी व्यापारी आणि सराफ यांचा वाटा फार मोठा होता, आणि कादंबऱ्यांत नेमका तोच पुसला जातो. मुंबईतला ब्रिटिश व्यापारी गुजरातेतला कापूस स्वतः जाऊन विकत घेत नसे. भरूच, सुरत या भागांत बयाणा देणे, मालाची प्रत पाहणे, वेळेवर गाठी मुंबईला आणणे, आणि खरेदीदार बुडाला तर त्याची जबाबदारी उचलणे ही सारी कामे पारशी, भाटिया, बनिया दलाल करीत. मोठ्या पेढीचा दलाल तिच्यासाठी जामीनही राहत असे, म्हणजे बाजाराचा धोका तो स्वतःच्या डोक्यावर घेई. शिवाय पैसा कमी पडला की तोच पैसाही उभा करी. आपल्या नायकाच्या कचेरीत असा एक माणूस हवाच, आणि त्याला केवळ हात बांधून उभा राहणारा नोकर म्हणून रंगवू नका. त्याच्या एका नकाराने पेढीचा हंगाम बुडू शकत असे.

कापसाचा हिशेब खंडीत होई आणि मुंबईच्या बाजारात कापसाची एक खंडी 784 पौंडांची धरत. गाठींत सरकी, माती, दगड घालून वजन वाढवण्याचा प्रकार इतका बोकाळला होता की 1829 मध्ये मुंबई सरकारला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून घाट उतरत येई, आणि 1830 मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात बोरघाटातून गाडीरस्ता झाल्यावर देशावरच्या मालाला मुंबईची वाट थोडी सोपी झाली. किल्ल्यातल्या मोकळ्या मैदानावर, टाउन हॉलसमोर, कापसाच्या गाठींचे ढीग रचलेले असत. हे दृश्य आपल्याला 1844 पर्यंत वापरता येईल, त्यानंतर कापसाचा बाजार कुलाब्याला हलला.

येथपर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर, आपला नायक कंपनीचा नोकर नाही, मालाचा मालकही क्वचितच आहे. इंग्लंडमधले भागीदार, मुंबईतले ठेवीदार, हिंदी दलाल आणि चीनमधले अडते यांच्यामध्ये उभा राहून प्रत्येकाचा विश्वास टिकवणारा तो माणूस आहे. आता त्याचा दिवस पाहू.

पहाटे घोड्यावरून फेरफटका, मग न्याहारी, दहाच्या सुमारास किल्ल्यातल्या कचेरीत जाणे, दुपारी हलके खाणे, संध्याकाळी पुन्हा मैदानावर हवा खाणे आणि रात्री लांबलेले जेवण, असा साधारण क्रम अनेक वर्णनांत आढळतो. कचेरी किल्ल्यात असली तरी ऐपत आली की माणूस भायखळा, माझगाव किंवा परळच्या बाजूला बंगला घेई. भायखळा क्लब 1833 मध्ये सुरू झाला आणि त्यात हिंदी माणसाला सभासदत्व नव्हते. सकाळी ज्या पारशी व्यापाऱ्याच्या सहीशिवाय नायकाचे जहाज हलत नाही, त्याला संध्याकाळी तो आपल्या क्लबात नेऊ शकत नाही, हा त्या काळचा एक बोचरा पेच आहे आणि कथाकाराने तो सोडू नये असे मला मनापासून वाटते. त्याच वेळी 1836 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्समध्ये हिंदी पेढ्यांनाही स्थान होते. धंद्यातली बरोबरी आणि जेवणाच्या टेबलावरची दरी अशी शेजारी शेजारी होती.

मात्र हे सारे बाहेरचे झाले. कागद वाचताना माझ्या मनावर खोल ठसलेली गोष्ट वेगळी आहे, ती म्हणजे त्याचा दिवस पत्रे लिहिण्यात जात होता. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, वळसा घालून इंग्लंडला पत्र पोहोचण्यास पाच-सहा महिने लागत, म्हणजे प्रश्न विचारून उत्तर हाती येईपर्यंत जवळजवळ वर्ष सरे. एकच पत्र दोन-तीन जहाजांनी पाठवत, कारण एखादे जहाज बुडेल हे गृहीतच असे. पाठवलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल वहीत उतरवून ठेवत, आणि आज आपल्याला जे वाचायला मिळते ते या नकलांमुळे. कँटनच्या जार्डिन मॅथिसन पेढीचे कागद केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत, जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्रांच्या वह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील महाराष्ट्र पुराभिलेखागारात सरकारी बाजूचा पत्रव्यवहार आहे. आपण मुंबईत असाल तर कादंबरीचे दुसरे प्रकरण लिहिण्यापूर्वी तेथे काही दिवस अवश्य बसावे.

वर्षभर उत्तर मिळणार नाही हे ठाऊक असलेला माणूस निर्णय कसा घेत असेल, याचा विचार करा. लंडनला चहाचा भाव काय आहे हे त्याला सहा महिने जुने कळते. कँटनला कापसाचे काय झाले हे मोसमी वारे फिरल्यावर कळते, कारण नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर जहाजे चीनकडे जात आणि ईशान्येच्या वाऱ्यावर परत येत. म्हणून तो भावापेक्षा माणसावर अधिक विसंबतो. भाचे, पुतणे, एकाच परगण्यातले गावकरी यांनाच पेढीत घेण्याची स्कॉटिश व्यापाऱ्यांची रीत निव्वळ आपलेपणातून आलेली नव्हती. हजारो मैलांवर बसलेला माणूस फसवणार नाही याची दुसरी हमी त्यांच्यापाशी नव्हती. आपल्या नायकाला त्याच्या मामाचे किंवा चुलत्याचे पत्र घेऊन मुंबईच्या धक्क्यावर उतरवा, ते काळाशी अगदी सुसंगत होईल. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट 1830 मध्ये सुएझपर्यंत गेली आणि तांबड्या समुद्राच्या वाटेने टपाल लवकर येण्याची आशा निर्माण झाली, परंतु त्या दशकाच्या सुरुवातीस बहुतेक पत्रव्यवहार अद्याप शिडाच्या जहाजांच्या गतीनेच चालला होता.

एका खऱ्या आयुष्याचा आधार हवा असेल तर विल्यम जार्डिनचे आयुष्य पाहावे. तो 1784 मध्ये स्कॉटलंडच्या डम्फ्रीझशायर भागात जन्मला, वैद्यकी शिकला आणि 1802 मध्ये कंपनीच्या ‘ब्रन्सविक’ या जहाजावर सहायक शल्यवैद्य म्हणून रुजू झाला. जहाजावरच्या अधिकाऱ्यांना स्वतःचा माल नेण्यासाठी जहाजाच्या पोटात थोडी जागा मिळे, आणि त्या थोड्या जागेत त्याचा व्यापार सुरू झाला. 1805 मध्ये ‘ब्रन्सविक’ फ्रेंचांच्या हाती सापडले. त्याच जहाजावर चीनला निघालेला मुंबईचा एक तरुण पारशी व्यापारी होता, जमशेटजी जीजीभॉय. या दोघांची ओळख पुढे दीर्घ व्यापारी संबंधात रूपांतरित झाली. 1817 मध्ये जार्डिनने नोकरी सोडली आणि लंडनचे थॉमस वीडिंग व मुंबईचे फ्रामजी कावसजी बनाजी यांच्याबरोबर ‘सारा’ या जहाजात भागीदारी केली. म्हणजे पुढे कँटनचा सर्वांत बलाढ्य व्यापारी ठरलेल्या माणसाच्या स्वतंत्र व्यापाराच्या आरंभीच मुंबईच्या पारशी भागीदाराचा पैसा आणि पत होती. 1832 मध्ये त्याने जेम्स मॅथिसनबरोबर स्वतःच्या नावाची पेढी काढली.

आता ज्या गोष्टीविषयी आपण विचारले नाही, पण जिच्याशिवाय आपली कादंबरी खोटी ठरेल, त्या गोष्टीकडे वळतो. आपल्या टिपणात नायक ‘मसाले, रेशीम आणि चहा’ यांचा व्यापार करतो असे आहे. 1830 च्या मुंबईत मोठा पैसा अफूत होता.

त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. ब्रिटनमध्ये चहाची मागणी प्रचंड वाढली होती, विशेषतः 1784 मध्ये चहावरचा कर शेकडा 119 वरून साडेबारावर आणल्यानंतर. चीनला ब्रिटिश मालाची फारशी गरज नव्हती, म्हणून चहाची किंमत चांदीत मोजावी लागे. ती चांदी वाचवण्यासाठी आधी हिंदुस्थानचा कापूस आणि नंतर अफू चीनला जाऊ लागली. चीनमध्ये अफू आणण्यास बंदी होती. म्हणून कंपनी बंगालमधली अफू कलकत्त्यात लिलावाने विके आणि आपल्या जहाजांतून ती नेत नसे. नेण्याचे काम खाजगी व्यापारी करीत, कँटनजवळच्या लिंटिन बेटाशी नांगरलेल्या जहाजांवर माल उतरवत, आणि तेथून चिनी तस्कर तो किनाऱ्यावर नेत. विकून आलेली चांदी कँटनमधल्या कंपनीच्या तिजोरीत भरली की त्या बदल्यात लंडनवर किंवा बंगालवर हुंडी मिळे. त्या चांदीतून कंपनी चहा घेई. हे चक्र नीट पाहिले की कंपनीचे हात स्वच्छ राहत आणि तिचा चहा मात्र अफूच्या पैशातून येत होता, हे स्पष्ट दिसते.

मुंबईचा संबंध माळव्याच्या अफूशी. ती पिके शिंदे आणि होळकर यांच्या मुलखात, कंपनीच्या थेट सत्तेबाहेर. कंपनीने ती अडवण्याचा प्रयत्न केला तेव्हा माल पोर्तुगीजांच्या दमणमार्गे जाऊ लागला. शेवटी 1831 च्या सुमारास कंपनीने हात टेकले आणि मुंबईवरून जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर 175 रुपये परवाना शुल्क लावून वाट मोकळी केली. या व्यापारात केवळ ब्रिटिश नव्हते. जमशेटजींच्या भागीदारांत गुजराती मोतीचंद अमीचंद होते, कोकणी मुसलमान महंमद अली रोगे होते आणि गोव्याचे रोजेरिओ द फारिया होते. आपल्या नायकाभोवतीची माणसे अशी असावीत. चीनमध्ये पोहोचणाऱ्या अफूच्या पेट्यांची संख्या 1830 च्या दशकाच्या अखेरीस वर्षाला सुमारे 40,000 वर गेली होती.

हा व्यापार करणाऱ्यांना स्वतःविषयी काय वाटत होते, हे आपल्या नायकाच्या मनात शिरण्यासाठी कळले पाहिजे. 1830 मध्ये जार्डिनने एका मित्राला लिहिले होते की अफू हा त्याच्या माहितीतला सर्वांत सुरक्षित आणि सभ्य गृहस्थाला शोभेल असा सट्टा आहे. हे वाक्य वाचताना मला आजही अस्वस्थ व्हायला होते, कारण त्यात कोठेही संकोच नाही. आपल्या नायकाला क्रूर दाखवण्याची गरज नाही. तो आईला नियमित पत्र लिहितो, प्रार्थनेला जातो, नोकराच्या आजारपणात औषध देतो, आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच निर्मळ मनाने पेट्यांच्या भरतीवर सही करतो. मी वाचलेल्या पत्रांत मला असाच माणूस वारंवार भेटला आहे. त्याला विवेकाची टोचणी लागून तो व्यापार सोडतो असे कथानक आपल्या मनात असेल, तर तसे घडणे अशक्य नव्हते एवढेच मी म्हणेन, परंतु ते विरळ होते आणि त्याची कारणे आपल्याला कथेत फार काळजीपूर्वक उभी करावी लागतील.

अपयशाविषयीही थोडे लिहितो, कारण यशस्वी माणसांचेच कागद अधिक जपले जातात आणि त्यामुळे आपली नजर फसते. सतराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत आलेल्या ओव्हिंग्टन या पाद्र्याने येथली एक म्हण नोंदवली आहे की माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे. 1830 पर्यंत परिस्थिती थोडी सुधारली होती, पण पटकी आणि ताप यांची भीती कायम होती. मेलेल्या माणसाच्या सामानाची यादी करून लिलाव करीत. मी अशा याद्या वाचतो तेव्हा घोडा, खोगीर, मदिरा वाइनच्या बाटल्या, पुस्तके, चांदीचे चमचे यांच्यामागे अनेकदा कर्जाची नोंद दिसते. काही मृत्युपत्रांत येथल्या स्त्रीसाठी आणि तिच्या मुलांसाठी ठेवलेली रक्कमही आढळते, तिचे नाव अनेकदा अर्धवट किंवा चुकीचे लिहिलेले असते. तिला आपण कथेत जागा देणार असाल तर तिचे नाव पुरे द्या.

कर्ज आणि पत यांचा डोलारा कसा कोसळे, हे कलकत्त्यात दिसले. तेथला जॉन पामर हा व्यापाऱ्यांचा राजा म्हणून ओळखला जाई. जानेवारी 1830 मध्ये त्याची पेढी बुडाली आणि पुढच्या चार वर्षांत कलकत्त्यातल्या बाकीच्या मोठ्या अडतपेढ्याही एकामागून एक दिवाळखोरीत गेल्या. ठेवीदारांचा पैसा त्यांनी निळीच्या मळ्यांत गुंतवला होता, निळीचा भाव उतरला, त्यातच जुने भागीदार आपापला हिस्सा काढून इंग्लंडला गेले होते. विधवांची आणि निवृत्त अधिकाऱ्यांची आयुष्यभराची शिल्लक त्यात गेली. मुंबईच्या पेढ्या निळीत तेवढ्या अडकल्या नव्हत्या, तरी कलकत्त्याच्या या बातमीने येथल्या प्रत्येक ठेवीदाराच्या पोटात गोळा आला असणार. आपल्या नायकाच्या आयुष्यात असा एक आठवडा ठेवता येईल, ज्यात तो मुद्दाम मोठी मेजवानी देतो, नवी घोडागाडी घेऊन मैदानावर फिरतो आणि रात्री दलालाबरोबर बसून उद्या कोणाची हुंडी पटवायची याची यादी करतो. वरवर उधळपट्टी दिसणारी ही मेजवानी बाजारातली पत राखण्यासाठी त्याने केलेला खर्च आहे, हे वाचकाला कळले पाहिजे.

राहिला परतीचा प्रश्न. सर्वच जण एकसारखे परतले नाहीत. मुंबईचे चार्ल्स फोर्ब्स परत गेल्यावर 1812 ते 1832 संसदेत होते, तेथे त्यांनी हिंदी लोकांच्या बाजूने बोलण्याचे नाव मिळवले, आणि टाउन हॉलमध्ये त्यांचा पुतळा आहे. जार्डिन 1839 च्या आरंभी कँटन सोडून गेला, लंडनमध्ये परराष्ट्रमंत्री पामर्स्टन यांना त्याने चीनविरुद्ध काय करावे याचा सल्ला दिला, 1841 मध्ये संसदेत निवडून आला आणि 1843 मध्ये अविवाहित वारला. पेढी पुतण्या-भाच्यांकडे गेली. मॅथिसनने 1844 मध्ये स्कॉटलंडमधले लुइस हे अख्खे बेट विकत घेतले. जमशेटजी मुंबईतच राहिले. 1842 मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला, 1845 मध्ये त्यांच्या देणगीतून रुग्णालय उभे राहिले. याच वर्षी त्यांच्या पत्नी आवाबाई यांच्या पैशाने माहीमचा पूल खुला झाला. आपण आज जे. जे. म्हणून ज्या आवारात जातो, त्याच्या पायातही हा पैसा आहे.

आपण कथेचा शेवट कोठे करावा असे थेट विचारले नाही, तरी मला सुचणारी जागा सांगतो. मार्च 1839 मध्ये चिनी सम्राटाचे आयुक्त लिन झेशू कँटनला आले आणि त्यांनी सर्व अफू स्वाधीन करण्याचा हुकूम दिला. ब्रिटिश अधिकारी चार्ल्स एलियट यांनी व्यापाऱ्यांकडून 20,283 पेट्या राणीच्या सरकारच्या नावाने ताब्यात घेऊन चिन्यांना दिल्या आणि नुकसानभरपाईचे आश्वासन देणाऱ्या पावत्या दिल्या. जूनमध्ये ती अफू नष्ट करण्यात आली. पुढे युद्ध झाले, ऑगस्ट 1842 मध्ये नानकिंगचा तह झाला, त्यात अफूपोटी 60 लक्ष डॉलर्स ठरले. तोवर मुंबईच्या व्यापाऱ्यांचे पैसे अडकून पडले होते, आणि पुढे मिळालेली रक्कम त्यांच्या मते अपुरीच होती. आपला नायक 1839 च्या उन्हाळ्यात कँटनमध्ये असेल तर त्याच्या हाती अशी एक पावती द्या. तीवर त्याच्या पेढीचे नाव असेल. पेट्या मात्र मुंबईच्या माणसांच्या असतील, आणि त्या रात्री त्याला बसून त्यांतल्या प्रत्येकाला वेगळे पत्र लिहावे लागेल, दोन-दोन प्रतींत, दोन वेगळ्या जहाजांनी.